बिनआरशाचा पडदा

बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावर सुखीबाईच्या सुईला तोड नव्हती. कापड फाटेल, पण तिनं बसवलेला आरसा निघणार नाही, असं लोक म्हणत.

यवतमाळच्या एका दवाखान्यात प्रार्थनेची खोली होत होती. तिच्या पडद्याचं काम घेऊन सजावटवाली आभाताई तांड्यावर आली. म्हणाली, "पांढऱ्यावर पांढरा दोरा भरा. आरसे नकोत, चमक नको. पेशंटच्या माणसांना तिथे शांत वाटलं पाहिजे."

"ताई, आमच्यात बिनआरशाचं कापड विधवेले देतात," सुखीबाई म्हणाली. "ते पाहून कोनाले शांत वाटन?"

आभा हसली. "तो तुमचा समज झाला, सुखीबाई."

समज म्हणे. सुखीबाईनं दात आवळून दोन महिने पांढरं भरलं आणि शेवटच्या दिवशी खालच्या कोपऱ्यात डाळीएवढा एक आरसा बसवूनच दिला.

त्या वर्षी कापसावर अळी उतरली आणि विषारी औषधाची फवारणी थांबेना. भर दुपारी तिचा नवरा देवसिंग पऱ्हाटीत फवारता फवारता खाली कोसळला. यवतमाळच्या त्याच दवाखान्यात त्याला आत नेलं, आणि हिला सांगितलं, प्रार्थनेच्या खोलीत बसा.

खोलीत दुसऱ्या तांड्यावरच्या दोन बायका होत्या. समोरचा पडदा पाहून त्यांनी आधीच हातातल्या बांगड्या ओढणीखाली झाकल्या होत्या. सुखीबाईनं वाकून पडद्याचा कोपरा हातात घेतला. आरसा कात्रीनं कापून काढला होता आणि त्या जागी पांढरं ठिगळ होतं, अगदी सफाईनं लावलेलं.

"देवसिंगच्या घरचं कोण आहे?" डॉक्टरांनी दारातून विचारलं.

सुखीबाईनं हात ओढणीखाली घेतले.