तीनची भरती

आमच्या चिंचवडात रविवार गुरुवारी येतो. विजेच्या टंचाईमुळे कारखान्यांची सुट्टी त्या वारावर ढकललेली आहे, आणि त्या दिवशी झोपण्यापलीकडे कुणी काही केलं तर शेजारी तब्येतीची चौकशी करतात. त्यामुळे आमच्या ह्यांनी, म्हणजे कंपनीतल्या टाइमकीपरसाहेबांनी, बुधवारी रात्री जेवताना "उद्या अलिबाग" असं जाहीर केलं तेव्हा माझ्या हातातली पळी आमटीत बुडाली.

बरोबर आमची सात वर्षांची मंजू आणि धाकटा दीर विलास. विलास आयटीआय झालेला फिटर. दोन वर्षं प्रत्येक गेटवर 'भरती बंद' ही एकच पाटी वाचतोय. ह्यांनी साहेबांकडे शब्द टाकला तर काम होईल. पण "माझ्या ओळखीनं लागला असं कुणी म्हणायला नको" हे आमच्या घरातलं तत्त्व. तत्त्व ह्यांचं, त्याला दोन वेळा जेवायला वाढते मी.

जाणाऱ्यांनी पहाटेची एस.टी. धरावी. घाटाआधी मुलांना खाऊ घालू नये. मी घातलं आणि खोपोलीच्या अलीकडे ते परत मिळालं. वडखळ नाक्यावर चहा घ्या, भजी घेऊ नका. त्या तेलानं स्वातंत्र्य बघितलेलं असावं.

समुद्राचा पहिला धक्का म्हणजे वाळू काळी.

"आई," मंजू म्हणाली, "इथंपण ग्रीस सांडलंय?"

समोर पाण्यातला किल्ला. ओहोटी होती, त्यामुळे ओल्या वाळूवरून टांगा थेट दरवाजापर्यंत गेला. उतरवताना टांगेवाला म्हणाला, "तीनची भरती हाय, मास्तर. लवकर भायेर पडा."

विलासनं झटकन मान वळवली. "भरती? कुठल्या खात्यात?"

टांगेवाला त्याच्याकडे बघतच राहिला. "दर्याच्या," तो म्हणाला.

हे इतके हसले की घोडा बिचकला. "घे! कर अर्ज!" विलासही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मीही हसले, ते लिहून टाकते.

ह्यांनी घड्याळाला किल्ली दिली. "तीनची ना? मग तीनला दहा कमी असताना निघू." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही भोंग्यावर जगणारी माणसं. तीनची पाळी म्हणजे तीनला. त्याआधी गेटातून कोण आत येतं?

किल्ल्यात गणपतीचं दर्शन घेतलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याची विहीर, हा दुसरा धक्का, पण सुखाचा. पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिथले पांढरे कांदे खाऊन हे आडवे झाले. एवढ्यात तटावरून विलास ओरडला, "दादा! रस्ता कुठंय?"

टांग्याची चाकं उमटली होती तिथं पाणी होतं. सगळीकडे पाणी. मला वाटलं, आपण चुकीच्या दरवाजानं बाहेर आलो.

"अजून साडेबारासुद्धा नाहीत!" हे समुद्राला घड्याळ दाखवत म्हणाले. "तीनची सांगितलीये!"

समुद्रानं हजेरीपत्रक बघितलं नाही.

"थांबू या, दादा. ओहोटी लागेल संध्याकाळी."

"आणि उद्या माझी पहिली पाळी?" ह्यांनी मंजूला खांद्यावर घेतलं आणि पाण्यात पाय घातला. त्यांच्या मागोमाग आम्ही दोघं.

पाणी गुडघ्याला होतं, मग कमरेला आलं. पायाखालची वाळू कुणी सतरंजी ओढावी तशी सरकत होती. एक लाट आली आणि हे दिसेनासे झाले. घड्याळाचा हात तेवढा वर होता. मंजू कुठंच नव्हती. मला ओरडताही येईना. तोंडात मीठ होतं.

विलास पवनेत पोहायला शिकलेला. त्यानं बुडी मारली आणि मंजूला फ्रॉकला धरून वर काढलं. दुसऱ्या हातानं ह्यांची कॉलर पकडली. "दादा, झोंबू नको! पाय टेकव! वहिनी, माझा शर्ट धरा, सोडायचा नाही!" दोन वर्षं घरात मान खाली घालून जेवणारा मुलगा हुकूम सोडत होता आणि आम्ही मुकाट ऐकत होतो.

किनाऱ्यावर मंजूनं पाणी ओकलं आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नाही.

टांगेवाला धावत आला. "तीनची सांगितलेली ना?"

"आत्ता कुठं तीन वाजलेत?" ह्यांचे दात वाजत होते.

"अवो, तीनला ती पुरी भरते. यायला सकालपासनं लागते!"

तेव्हा जाणाऱ्यांनो, भरती किती वाजता हे विचारू नका. परत कधी फिरायचं ते विचारा.

परतीच्या एस.टी.त घाटात विलास म्हणाला, "दादा, इथली भरती बरी. ओळख विचारत नाही."

हे हसले नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसले.

शुक्रवारी पहाटे उठून बघते तर ह्यांनी विलासला हलवून जागं केलेलं. "सर्टिफिकिटं घे. चल."

नोकरीचं अजून नक्की नाही. साहेब म्हणाले, बघू. पण साहेब गाडीतून उतरेपर्यंत हे धाकट्या भावाशेजारी गेटाबाहेर, त्या पाटीखाली उभे राहिले. भोंगा झाला तरी हलले नाहीत. मग आत जाऊन टाइमकीपरांनी आपल्याच हातानं स्वतःला लेट मार्क लावला.