वास नसलेलं पाणी

द्वारकेच्या चौकात गाडी सिग्नलला थांबलेली असताना माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून उच्छाद मांडला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा माणूस मुद्दाम रस्ता अडवून बसलेला नाही. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. पुढे बोलणं एकेका शब्दाने, अडखळत परत आलं. पाय मात्र काही केल्या ऐकेना.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. एक दिवस ती म्हणाली, "काकू, तुमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे ना? काकांना छातीभर पाण्यात उभं करून बघू या." मी मनात म्हटलं, जमिनीवर ज्यांना उभं राहता येत नाही, ते पाण्यात काय दिवे लावणार! पण आम्ही दोघींनी धरून त्यांना उतरवलं, आणि तो हट्टी पाय हलला. नुसता हलला नाही, पुढे पडला. मी कपड्यांनिशी पाण्यात उभी राहून हमसून हमसून रडले. मुलीने बजावलं, "पहिलं वर्ष फार मोलाचं असतं काकू. आत्ता जे परत मिळेल ते मिळवून घ्या." तेव्हापासून कॅलेंडरचं पान उलटायची मला भीती वाटायला लागली.

पूल आमच्या क्लबहाउसच्या तळाशी, चारी बाजूंनी बंद. आत पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी येईल असा वास. ह्यांना लहानपणापासून दमा. पाण्यात क्लोरीनची पावडर पडली, की दहा पावलं टाकायच्या आत खोकल्याची उबळ यायची आणि त्यांना बाहेर काढावं लागायचं. जो पाय पाण्यामुळे चालत होता, त्याला छाती पाण्यात टिकू देत नव्हती. असल्या दुर्दैवाला काय म्हणावं? मी देवाला नको नको ते बोलले.

मग मी वाचायला लागले. चाळीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलेली बाई मी, पण तो सगळा उन्हाळा पाण्याच्या मागे लागले. कळलं ते असं, की तो वास निव्वळ क्लोरीनचा नसतोच. क्लोरीन, माणसांचा घाम आणि लहान पोरं पाण्यात गुपचूप जे करतात ते, या सगळ्याची मिसळ होते, तिचा तो वास. म्हणजे वास जितका जास्त, तितकं पाणी बिघडलेलं. हे वाचून मी कपाळावर हात मारला. कारण आमच्याकडे सगळं उलटं. गावाकडे विहिरीत टीसीएलची जंतुनाशक पावडर पडली की तिचा वास म्हणजेच शुद्धता, हे आमच्या पिढीच्या अंगात मुरलेलं. सोसायटीच्या कमिटीतले एक निवृत्त काका रोज सकाळी पुलाच्या काठावर वाकायचे, तीर्थ घ्यावं तसं ओंजळीत पाणी घ्यायचे आणि हुंगायचे. नाकाला झणझणलं की मान डोलवायचे. त्यांनी मान डोलवल्याशिवाय बायका आपल्या पोरांना पाण्यात सोडत नसत.

मी कमिटीच्या पाया पडायचीच बाकी राहिले होते. शेवटी त्यांनी दोन विक्रेत्यांना बोलावलं, एक ओझोनवाला, दुसरा अल्ट्राव्हायोलेट दिव्यांचा. ओझोनवाल्याने काचेच्या भांड्यात गढूळ रंगाचं पाणी घेतलं, त्यात बुडबुडे सोडले, आणि बघता बघता पाणी नितळ झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिवेवाल्याकडे दाखवायला फक्त स्टीलचा एक जाड पाइप. आत दिवा, त्याच्यासमोरून पाणी जातं, बस्स. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

"रामकुंडात आम्ही जन्मभर बुड्या मारल्या," काका म्हणाले. "कुठला दिवा होता तिथे? आम्हाला काही झालं?"

मी उठले. प्रश्न पाठ होते. ओझोनवाल्याला विचारलं, "हा वायू पाण्यातून बाहेर निसटला तर?" तो आधी चाचरला, मग खरं बोलला. ओझोन जंतूंना जबरदस्त मारतो, वासाचाही बंदोबस्त करतो, पण उरलेला वायू पाणी पुलात परत सोडण्याआधी काढून टाकावा लागतो. नाही काढला, तर बंद जागेत तो पाण्याच्या वरच साचतो आणि छातीला बाधतो. नेमकं पाण्याच्या वर, म्हणजे जिथे माझ्या नवऱ्याचं नाक असणार तिथे. दिवेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्यात पाण्यात काही मिसळत नाही. वास आणणारे पदार्थही दिव्याने फुटतात. पण आमचा दिवा म्हणजे नाक्यावरचा पोलीस. समोरून जाईल त्यालाच पकडतो. पुलात जे आत्ता पडलं, त्याच्यासाठी थोडं क्लोरीन लागतंच." ओझोनवाल्यानेही तेच कबूल केलं. थोडं क्लोरीन दोघांनाही लागतं.

लोकांचा कल ओझोनकडे होता. नावच कसं हिलस्टेशनच्या हवेसारखं! मी सरळ पदर पसरला. "आमच्या ह्यांना चालायचं आहे हो," एवढंच बोलता आलं, पुढे रडू फुटलं. लाज वाटली, पण दिवा मंजूर झाला.

दिवा बसला आणि हळूहळू वास मरत गेला. एका सकाळी पाण्याला वासच नव्हता, माठातल्या पाण्यासारखं. हे माझा हात न धरता पुलाच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेले. तिकडे पोचून वळले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघ." तो आनंद मला अजून सांगता येत नाही.

काकांनी त्याच आठवड्यात ओंजळीतलं पाणी हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात काहीच नाही," ते म्हणाले. बातमी व्हॉट्सॲपवर गेली. त्यात कुणाच्या तरी मुलीचं पोट बिघडलं. पोरीने आदल्या दिवशी कॉलेज रोडवर पाणीपुरी हाणली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण खापर फुटलं पुलावर. मी पाणी तपासायच्या पट्ट्या घेऊन दारोदार फिरले. क्लोरीन पुरेसं आहे, हा रंग बघा, हा बघा. लोक पट्टीकडे बघत आणि विचारत, "मग वास का येत नाही?" चिटणीस म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर असेल. पण लोकांचं समाधान पण बघावं लागतं ना."

आणि समाधान झालं. पूल सांभाळणाऱ्या सुरगाण्याच्या माणसाला पावडर वाढवायला सांगितलं गेलं. नंतर मी त्याच्यावर चिडले, तर बिचारा म्हणाला, "मॅडम, वास नाय आला तर काका माझ्यावर लय ओरडत्यात. मी तरी काय करू?" आम्हाला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. पावडर वाढवली त्या सकाळी हे नेहमीसारखे पाण्यात उतरले, आणि अर्ध्या वाटेत त्यांचा श्वास असा कोंडला की ओठ निळे पडले. दवाखान्यात ऑक्सिजन लावून पडलेल्या नवऱ्याच्या पायाकडे मी बघत बसले. छाती सावरली. डॉक्टरांनी पूल बंद सांगितला.

घरी आल्यावर काका नारळपाणी घेऊन भेटायला आले. मनाने वाईट नव्हेत ते. जाताना मोठ्या समाधानाने म्हणाले, "वहिनी, आता काळजी करू नका. पाणी एकदम स्वच्छ ठेवलंय. लिफ्टपर्यंत वास येतो." मी दार लावून घेतलं आणि दाराला डोकं टेकून उभी राहिले. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटत होता, आणि मला मेलीला चहाचं विचारायचं राहिलं याचीही खंत वाटत होती.

महिना गेला. पाय पुन्हा जड पडत चालला. फिजिओथेरपिस्ट मुलगी व्यायाम करून घ्यायची, पण आता ती त्या पहिल्या वर्षाबद्दल काही बोलत नसे. मी कमिटीकडे पुन्हा गेले, पुन्हा पदर पसरला. आता पुढच्या सभेत बघू, म्हणाले.

एका सकाळी उठून बघते, तर हे पलंगाच्या कडेला बसलेले. डाव्या हाताने पोहायची चड्डी ओढून मांडीपर्यंत आणलेली, पुढे जात नव्हती.

"डॉक्टर नको म्हणालेत," मी म्हटलं. "श्वास कोंडेल. ऐका माझं."

"कोंडू दे," ते म्हणाले. मग बराच वेळ शब्द गोळा करून म्हणाले, "मला... ने."

मी त्यांना नेलं. खाली लिफ्टचं दार उघडताच वास आला. पुलात पोरं खेळत होती, काठावरच्या बायका आमच्याकडे बघून हसल्या. हे पाण्यात उतरले आणि चालायला लागले. दोन पावलं, खोकला, दोन पावलं, खोकला. दम्याचा पंप पाण्याच्या वर धरून मी त्यांच्या शेजारून चालत होते, आणि एकदाही त्यांना थांबा म्हणाले नाही.