घडी बसेना तेव्हा

गुडघ्यावर हातोडी मारून डॉक्टरबाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं. पाय जागचा हलला नाही.

"गिया-बारे सिंड्रोम वाटतोय," त्या म्हणाल्या. "शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर उठतं. मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही. आजच ॲडमिट व्हा."

मी घाटनांदूरला गणित शिकवते. कागद दुमडून भूमितीचे आकार करायचा मला नाद. एकसारखे तीस तुकडे दुमडायचे, एकाचं टोक दुसऱ्याच्या घडीतल्या खिशात खोचायचं. डिंक न लावता काटेरी गोळा उभा राहतो. त्या सोमवारी वर्गात नखानं कितीही दाबलं तरी घडी बसेना. बोटांना मुंग्या आल्या होत्या. मला वाटलं, कागदच जाड असेल. बुधवारी शाळेच्या पायरीवर गुडघे गळाले आणि मी पोरांसमोर बसकण मारली. गुरुवारी अंबाजोगाईचा दवाखाना.

मुंग्या पायांकडून किंवा हातांकडून वर चढत असतील आणि ताकद जात असेल, तर माझ्यासारखे तीन दिवस घालवू नका.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. विजेचे बारीक झटके देऊन नसांतून निरोप किती वेगानं जातो ते पाहतात. मग पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे हा हल्ला थोपवणारं औषध. दर काही तासांनी डॉक्टरबाई यायच्या. "एका श्वासात आकडे म्हणा." पहिल्या दिवशी अठ्ठावीसपर्यंत गेले, तिसऱ्या दिवशी चौदावर दम संपला. "आणखी खाली आलं तर व्हेंटिलेटर लागेल," त्या म्हणाल्या. त्यानंतर मला आकड्यांचीच भीती वाटायला लागली.

आमचे हे शेळ्या पाळतात. कागदाला त्यांनी कधी हात लावलेला नाही. चौथ्या दिवशी ते रंगीत कागद घेऊन आले.

"तू निस्तं सांग. म्या दुमडतो."

माझे दोन्ही हात चादरीवर पडलेले. मी सांगत गेले, ते दुमडत गेले. "ह्यो कोपरा हितं का तितं?" दर वेळी तेच. सहावा तुकडाही तिरपा झाला.

"तुम्हाला साधी सरळ घडी येत नाही?" मी ओरडले. ओरडण्याएवढा दमही नव्हता, पण ओरडले.

ते कागद उशाशी ठेवून बाहेर गेले. मला उठून मागे जाता येईना, की डोळे पुसता येईनात. सिस्टरनं पुसले.

तासाभरानं ते आले. "कावून रडतीस? माझी बोटं जाड हायत, तुझी निजल्यात. दोगं मिळून किती वंगाळ करू, बगू."

त्या दिवसापासून आकडे खाली गेले नाहीत. सहाव्या दिवशी मी एका श्वासात एकवीस म्हटले.

घरी आले ती व्हीलचेअरवर. मग पाच महिने फिजिओथेरपी, म्हणजे निजलेल्या स्नायूंना पुन्हा शिकवणं. पाय आले. डावा हात आला. उजव्या अंगठ्यात अजून जोर नाही. "येईल किंवा एवढाच राहील," डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. त्यानंतर कित्येक दिवस माझ्या कुर्त्याची गुंडी लावायला कुणी पुढं आलं की हात झटकायचे.

परवा दुपारी ओसरीवर एक तुकडा दुमडत होते. शेवटची घडी पुन्हा पुन्हा उघडत होती. हे शेळ्यांना पाला टाकून आले, बाजूला उभे राहिले.

"दाबू का?"

पूर्वी मी नाही म्हटलं असतं. मी कागद त्यांच्याकडे सरकवला.

"दाबा," म्हटलं. "पण कोपरा मी धरते."