शिवेवर न थांबलेली मोटार

माझ्या लग्नात नवरदेव शिवेवर थांबलाच नाही. आमच्याकडे वराची गाडी गावाच्या शिवेवर उभी राहते, मुलीकडचे लोक वाजंत्री घेऊन सामोरे येतात, वराचे पाय धुतात, त्याला ओवाळतात आणि मगच गावात नेतात. मी मात्र बाशिंग बांधून, हात जोडून, होणाऱ्या सासऱ्यांच्या समोरून उतारानं सुसाट निघून गेलो आणि मुलीच्या गावच्या, म्हणजे गुंजवण्याच्या, पहिल्याच खळ्यावर पेंढ्याच्या गंजीत घुसलो. मागून कुणीतरी ओरडलं, "उतावळा नवरा!" पुढचं ऐकू आलं नाही, कारण कानात पेंढा गेला होता.

मोटार माझ्या मामाची, चालवणाराही तोच. भोर संस्थान विलीन झाल्यावर काही बड्या लोकांनी जुन्या मोटारी विकायला काढल्या. हौसेला मोल नसतं, म्हणून मामानं त्यातली एक लांबलचक विलायती मोटार घेतली आणि आपला पहिला भाचा बोहल्यावर चढायला याच मोटारीतून जाणार, असं सगळ्या आळीला सांगून ठेवलं. पहिला भाचा मीच, त्यामुळे सुटका नव्हती. मोटारीत खोट एकच. ब्रेकचं पेडल अधूनमधून दगडासारखं घट्ट व्हायचं. दोन्ही पायांनी रेटलं तरी हलायचं नाही. हातब्रेकचा दांडा तर कधीच मामाच्या हातात सुटून आला होता. मामा म्हणायचा, "खानदानी जनावर हाय, उतार बघून बिचकतं."

आता मोठा पेच पडला. पूजा झाली नाही म्हणजे नवरदेव गावात आलाच नाही, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. मी तर समोर बसलो होतो. पण नवरदेवाला चालवत नेणं बरं दिसेना, तेव्हा मोटारीच्या मागच्या बाजूला बैल जुंपले आणि मला आत बसवूनच उलटं शिवेपर्यंत ओढत नेलं. पूजा झाली. ताट खाली ठेवत सासरे म्हणाले, "जावई पसंत हाय. पर जिला थांबायचं ठावं न्हाई, त्या गाडीत म्या पोरगी बसवायचा न्हाई."

मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग आमी नवरदेव माघारी नेतो!"

मला कुणी विचारलंच नाही. खरं सांगतो, मला ती मुलगी मनापासून आवडली होती. बघायला गेलो तेव्हा घाबरून मी पोह्यातली मिरची शेंग समजून चावली होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघून सगळ्यांदेखत खळखळून हसली होती. अशी बायको एका पेडलापायी हातची जाणार, या विचारानं मला अक्षरशः रडू येत होतं. गोरज मुहूर्ताच्या आत ब्रेक नीट झाला तरच लग्न, असं शेवटी ठरलं.

मोटार मांडवापुढे आणली. मामानं रुबाबात इंजिन सुरू ठेवलं आणि म्हणाला, "दाबून बघा." वऱ्हाडी, वाजंत्री, पाटील, सगळ्यांनी पाळीपाळीनं वहाणा काढून पेडल दाबलं. लोण्यासारखं मऊ. "उतारावर दावा," सासरे म्हणाले. मोटार गुरगुरत चढावर गेली, खाली आली आणि गंजीत घुसली.

मग उपाय सुरू झाले. एकानं बैलाच्या खुराला चोळतात तसं पेडलाच्या सांध्याला एरंडेल चोळलं. मोटार गंजीत. दुसरा म्हणाला, उतारावरचा म्हसोबा अडवतोय, नारळ फोडला. मोटार गंजीत. खळ्याचा मालक तर आता नुसता पेंढा सारखा करत बसला होता. दर खेपेला मी आत होतोच, कारण शुभकार्यात नवरदेवाची जागा रिकामी ठेवायची नाही, असं मामाचं म्हणणं.

एवढ्यात नवरीची मावशी घरातून लगबगीनं आली. हळद लावलेल्या नवरीला बाहेर पडता येत नव्हतं, तिला नुसता आवाज ऐकू येत होता. मावशी म्हणाली, "पोर इचारतीया, गाडी वर जाताना वरडती, मग खाली येताना मुकी का व्हती?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा अभिमानानं म्हणाला, "उतारावर म्या इंजिन बंद करतो. गाडी आपसूक उतरती, उगा पेट्रोल कशाला जाळायचं?"

यावर आधी सगळ्यांनी माना डोलावल्या. गोष्ट शहाणपणाचीच होती! सासऱ्यांना मात्र ती पटेना. ते स्वतः मोटारीत बसले, इंजिन बंद करायला लावलं आणि पेडल दाबलं. एकदा मऊ, दुसऱ्यांदा जरा घट्ट, मग दगड. "आता चालू करा," पाय न काढता ते म्हणाले. मामानं किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं आणि पेडल सासऱ्यांच्या पायाखाली आपणहून खाली गेलं.

"जित्तं हाय!" म्हणून सासरे दारातून बाहेर पडले ते थेट वाजंत्र्यांच्या अंगावर.

भोरच्या मेकॅनिकनं पुढे सांगितलं की त्या मोटारीत इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालणारा एक डबा होता आणि पेडलाला पाय लावला की तो ब्रेकला जोर द्यायचा. इंजिन बंद झालं की डबाही थंड. त्या दिवशी एवढं कुणाला कळायची गरज नव्हती. मोटार इंजिन चालू ठेवून उतारावरून आली आणि गंजीच्या हातभर अलीकडे थांबली. खळ्याचा मालक तोवर बाजूला पळाला होता. गोरजावर अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. नवरी माझ्या शेजारी, मान खाली, रडून रडून नाक लाल झालेलं. नसरापूरच्या अलीकडे उतार लागला आणि मामाचा हात सवयीनं किल्लीकडे गेला. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, त्यातला आमचा मामा! मी तोंड उघडायच्या आत शेजारून एक हिरव्या चुड्याचा हात पुढे झाला आणि त्यानं मामाचं मनगट धरलं. मामेसासऱ्यासमोर नव्या सुनेनं वर बघायचं नाही, आणि हिनं धरलं ते मनगटच! वर बघितलं नाही, तेवढी रीत मात्र पाळली. मामानं हात सोडवायचा प्रयत्न केला. सुटला नाही. उतार संपेपर्यंत ती एका हातानं पदरानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं मामाला धरून होती.