कंपनीचं घर पाहाले गेलो तेव्हा

त्या दिवशी आम्ही चौघं होतो. मी, माहा पोरगा विनोद, सून सुनंदा अन् नात पिंकी. पाचवा स्टीलचा डबा, त्यात बेसनाचे लाडू. चौघं सुखरूप वापस आलो.

माहे मालक रेल्वेत होते. ते गेले तेव्हा जे पैसे भेटले ते मी बँकेत ठेवले. तात्यापारा मोहल्ल्यात वीस वर्षं लोकाच्या घरी पोळ्या लाटल्या, पण त्या पैशाले हात नाई लावला. आता पिंकी नोकरीले लागली, तं म्हणे, "आजी, एक कंपनी है. ज़मीन से ऐसी धातु निकालेगी जो बहुत कम मिलती है. मोबाइल, गाड़ी, सबमें लगती है. दस साल के लिए शेयर ले लो."

"दहा वर्षं? तवर मी राहीन का?"

"रहोगी ना. किधर जा रही हो?"

(पोट्टीले मराठी समजते, बोलते हिंदीत. पण मले बरं वाटलं. ह्या वयात लोक मले येत्या दिवाळीपुरतंच विचारतात.)

"ठीक," मी म्हणलं. "पण आधी घर पाहाले जाऊ."

"कोणाचं घर?" विनोद म्हणे.

"कंपनीचं. पोरगी द्याच्या आधी आपण घर पाहातो का नाई? पाणी पेतो, शेजाऱ्याले विचारतो. हे तं तुह्या बाबाचे पैसे आहेत."

"आई, शेअरसाठी कोणी घर पाहाले जाते का?"

"म्हणूनच लोक बुडतात."

पंडरीच्या बाजाराच्या पुढे कंपनीचं हापिस. बाहेर झाडाखाली खेड्यातल्या दहा-बारा बाया बसून होत्या. मी लुगडं नेसून, हातात डबा. गार्डनं आमच्याकडे पाहून बोटं मोजली.

"साहब ने चार जन को बुलाया है. आप ही चार हो?"

"हव," मी म्हणलं. आम्ही चारच होतो.

आत थंडगार खोली. साहेब उभा राहिला, पाणी दिलं, चहा दिला. मी लाडू पुढे केले. त्यानं दोन खाल्ले. घर चांगलं वाटून राहिलं होतं.

"काम कब चालू होगा, भैया?" मी विचारलं.

"सच बोलूँ अम्मा? खदान अभी खुली नहीं. पाँच साल, दस साल. मगर आपका पैसा कहीं नहीं जाएगा."

पिंकीनं मले कोपर मारलं, पाहा म्हणून.

मंग त्यानं रजिस्टर उघडलं. "गाँव में कितने एकड़ है?"

सुनंदा खोटं बोलत नाई. "गाँव में कुछ नहीं. चौबे कॉलोनी में दो कमरे हैं."

"तो ज़मीन का पैसा लेने नहीं आए?"

"नाई," मी म्हणलं. "देने आए हैं."

साहेबानं रजिस्टर बंद केलं. मंग त्यानं गार्डले बोलावलं.

बाहेर आलो. शेजाऱ्याले विचारणं राहिलं होतं. झाडाखाली माह्याएवढीच एक बाई होती, तिच्याजवळ मी बसली. "ये लोग कैसे हैं, बाई?"

"हमर खेत ले लिन," ती म्हणे. "तीन दिन ले बइठे हन. पानी घलो नइ पूछिन."

वावर घेतलं, तीन दिवसात कोणी पाणीही नाई विचारलं, अन् आम्ही त्याईच्या वाटचा चहा पेऊन आलो होतो. मले उठवलं नाई गेलं. पिंकी गेली, पाण्याच्या बाटल्या घेऊन आली.

"इथं पोरगी नाई द्याची," मी म्हणलं.

"आजी, भाव चढ़ेगा."

"चढू दे."

चढला. विनोद रोज सकाळी चहासोबत सांगते. पैसे बँकेतच ठेवले, तेही दहाच वर्षांसाठी. पिंकी म्हणे, काढाले आपण दोघी जाऊ.

एवढी हुशारी केली अन् मी डबा साहेबाच्या टेबलावर विसरली. लग्नातला डबा आहे, वर माह्या मालकाचं नाव कोरलं आहे. दुसऱ्या दिवशी मी गेली तं गार्ड मले फाटकातही येऊ देईना.

हे जो कोणी वाचील, त्याचं त्या हापिसात जाणं झालं तं आधी त्या बायाईले पाणी पाजा. मंग माहा डबा मांगून आणा. लाडू संपले असतीन, चालते. घाई नाई. दहा वर्षं मी आहो, पिंकीनं सांगतलं आहे.