शकुनाचा बुश

आमच्या घरात आकडे दिले की धातू आपोआप कातणारी सीएनसी लेथ दसऱ्यापर्यंतच्या कराराने राहत होती. अमरावतीतल्या घराची मागची खोली बायकोला दिवाणखान्यात चालणाऱ्या शिवणक्लाससाठी हवी होती, आणि मी नोकरी संपल्या संपल्या तिथं हे जुनं, टेबलाएवढं मशीन एका ओळखीच्याकडून आणून बसवलं. तिने भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "दसऱ्यापर्यंत एक तरी कामाची वस्तू बनवा. नाही बनली तं मशीन ज्याचं त्याले वापस, अन् खोली माही."

मी जन्मभर कारकुनी केलेला माणूस. मोबाईलवरच्या व्हिडिओतून शिकायचो. त्यातला माणूस काही समजावून सांगू लागला की मी आदराने मान हलवायचो.

"त्याले तुमची मान दिसून राह्यली का?" बायको दारातून विचारायची.

मान हलवूनही पहिले बरेच दिवस वाया गेले, कारण मशीनला व्यासाचा आकडा द्यायचा असतो आणि मी इमानाने त्रिज्या देत होतो. जे करावं ते निम्म्या जाडीचं निघे. मशीन बिघडलं असं मी घरात जाहीरही करून टाकलं होतं. क्लासच्या पोरींनी ते पितळी तुकडे कापडावर वजन म्हणून ठेवायला नेले, पण बायकोने ती कामाची वस्तू धरायला साफ नकार दिला.

मग अकोल्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ती घरी शेवयांचं मशीन चालवते. त्याच्या रुळाचा दांडा ज्या पितळी कडीत फिरतो, तो बुश झिजला होता. "भाऊ, दसऱ्याले येऊनच राह्यली मी. बनवतं का तू? नाही जमत तं सांग, इथं लेथवाले लय आहेत."

जमत नाही असं लहान बहिणीला कोणी सांगतं का?

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. पूजेनंतर मशीन शकुनापुरतं एकदा चालवायचं, आणि मग दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही वडिलांपासूनची रीत. मी ठरवलं, शकुनाचा म्हणून बहिणीचा बुशच काढायचा. बायकोच्या शिलाई मशीनला हार घातला, मग लेथला. हळदकुंकू भिजवून बोटं लावली. सगळ्यात ठळक बोट लावलं कापणाऱ्या टूलच्या ऐन टोकाला. कापतं ते, तर पहिला मान त्याचा.

आता या मशीनची गंमत अशी की, काम सुरू करण्याआधी टूलचं टोक पितळेला हलकेच टेकवायचं आणि तिथला व्यास त्याला सांगायचा. पुढचं सगळं ते त्यावरून मोजतं. मी टेकवलं, पण पितळेला टेकलं ते वाळलेलं कुंकू. टोक अजून केसभर मागेच होतं. बुश निघाला सुरेख, चकचकीत. मी पाट मांडून त्यावर ठेवला.

दसऱ्याला सकाळी बहीण शेवयांच्या मशीनची बाजूची प्लेट पिशवीत घेऊन आली. बुश प्लेटच्या भोकात जाईना. मी दाबला, फिरवला, फुंकर मारली.

"फुंकून लहान होते का तो?" बहीण म्हणाली.

मी टूलचं टोक पाहिलं. कडेवरचं कुंकू घासून गेलं होतं, पण खाली लालसर पापुद्रा अजून चिकटलेला होता. कुंकवाच्या थरामुळे बुश केसभर जाड राहिला होता, ते मी सांगितलं. बायको पदरात हसली. हसून झाल्यावर म्हणाली, "मंग आता? आज तं हात लावता येत नाही. अन् करार दसऱ्याचा."

रीत माझीच होती, मीच घरभर सांगत फिरलो होतो.

बहिणीने चहा बशीत ओतला. "वैनी, मले एक सांगा. शकुन म्हणून हा बुश काढला ना यानं? बसला का?"

"नाही."

"म्हणजे शकुन झालाच नाही. अजून सुरूच हाय. अर्ध्यात सोडाव का?"

बायको नाही म्हणाली असती तर खोली तिची होती, आणि हे तिघांनाही कळत होतं. ती उठली, ओल्या फडक्याने टूलचं टोक स्वतःच पुसलं. "शकुन अपुरा ठेवू नाही," ती म्हणाली. "जास्तीचंच हाय ना? मंग छाटून घ्या थोडं. कमी कापलेलं सुधरते, जास्त कापलेलं नाही. पोरींले रोज तेच सांगतो मी."

बुश परत लेथमध्ये धरला, टोक पुन्हा टेकवलं, यावेळी पितळेलाच. पितळेची बारीक सोनेरी भुकटी उडाली. बुश प्लेटमध्ये हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांनी बसला. बहिणीने बोट घालून फिरवून पाहिलं आणि प्लेट पिशवीत टाकली. शाबासकी वगैरे दिली नाही.

संध्याकाळी तिला अकोल्याच्या गाडीत बसवून आलो, तर बायको मागच्या खोलीत टेप घेऊन उभी. तिने भिंतीपासून माप घेतलं आणि फरशीवर खडूने रेघ ओढली.

"मशीन या आंगाले सरकवा. माह्या कटिंगचा टेबल इकडं येते. अन् एक बी पितळेचा कण माह्या कापडावर दिसला, तं मशीन सीधं अकोल्याले, तुमच्या बहिणीकडं."

मी दिवाणखान्यातल्या तिच्या टेबलाचं एक टोक उचललं, तिने दुसरं.