आईचे निर्जळी उपास

दादाचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या घरी मेथी निवडत बसले होते. "आई गेली," म्हणाला, आणि जरा थांबून, "गुरुवारची गेली. उपास होता तिचा." त्याच्या रडवेल्या आवाजात थोडा अभिमानही होता. त्या अभिमानाचा आज दीड महिन्यानंतरही मला राग येतो. एकट्या दादाचा कशाला, माझाही येतो.

खुटबावला बंगला बांधला तेव्हा देवघराशेजारी संडास नको, असा हट्ट आईनंच धरला होता. म्हणून तो अंगण ओलांडून गोठ्याच्या पलीकडं गेला. नातवाच्या वरच्या खोलीत मात्र एक आत काढला, पण जिना चढणं पुढं तिच्या आवाक्यात राहिलं नाही. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ती वॉकर धरून घरात फिरू लागली. पायऱ्या उतरून अंगण ओलांडायला मात्र माणूस लागायचं. वहिनी वाईट नव्हती. हाक मारली की हातातलं काम टाकून यायची, फक्त येताना एक सुस्कारा सोडायची. आईचे कान शेवटपर्यंत शाबूत होते...

त्यानंतर तिचे उपास वाढले. आधी नुसती एकादशी होती, मग सोमवार आला, गुरुवार आला, चतुर्थी आली, आणि सगळे निर्जळी. आम्हाला कौतुकच. भजनाच्या बायका येऊन पाया पडायच्या. या वयात पाण्याचा थेंब न घेता दिवस काढते, हे दादा आल्यागेल्याला सांगायचा आणि मी शिरूरच्या शेजारणींना. पुढं लघवीची जळजळ, ताप, बरळणं सुरू झालं. पाणी किती पितात, असं डॉक्टरांनी विचारलं, तर उपास सोडायचं ती ऐकतच नाही म्हणून दादानं सांगितलं. त्यांनी समजावलं, आम्ही माना डोलावल्या. म्हातारपणी देवाधर्माचं वेड लागतंच, असं म्हणत तिला घेऊन घरी आलो.

जायच्या महिनाभर आधी एका सोमवारी मी तिच्यापाशी एकटीच होते. वहिनी मळ्यात गेली होती. आईनं दाराकडं पाहिलं आणि मी चार वाजेपर्यंत आहे ना, असं दोनदा विचारून घेतलं. मग पाणी मागितलं आणि दोन पेले घटाघटा प्याली. मी उपासाची आठवण करून दिली.

"कशाचा उपास आन् काय," ती म्हणाली. "पानी प्यालं की उठावं लागतं. उठायचं म्हंजी कुनाला तरी हाक मारावी लागती. देवाचं नाव घेतलं की कुनी काय इचारत न्हाई."

मी तिला हात धरून नेऊन आणलं. वाटेत दोनदा थांबली, दम लागला होता. दादा आल्यावर त्याला सांगायचं ठरवलं होतं. तो आलाही, चहासुद्धा झाला. पण सांगितलं तर वहिनीला लागेल, उगाच वाकडं येईल, आणि या वयात माहेर तुटायला नको... चारच्या एसटीनं मी शिरूरला परत आले. माझं माहेर मी सांभाळलं. तिला नाही सांभाळलं.

आईच्या खाटेच्या जागी तेराव्यापर्यंत दिवा होता आणि शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या. वहिनी रोज सकाळी न चुकता ताजं पाणी भरायची. एकदाही सुस्कारा ऐकू आला नाही.

तेराव्याचं जेवून मुलाच्या गाडीनं निघालो. चौफुल्याला चहासाठी थांबलो. माझ्याही गुडघ्यांचं आता काही खरं नाही, गाडीतून उतरायला सुनेचा हात लागतो. उन्हानं घसा सुकला होता आणि शिरूर अजून लांब होतं. सुनेनं पाण्याची बाटली पुढं केली.

"नको गं," मी म्हणाले, "आज उपास आहे माझा."

तासाभरापूर्वी माझ्या ताटात पुरणपोळी तिनंच वाढली होती. तिनं बाटलीचं झाकण लावलं. विचारलं काहीच नाही.